प्लुरिबसचा पहिला एपिसोड: सिग्नल येणं सोपंय, तो आपला नाही हे कळणं अवघड

प्रश्न असा होता: "प्लुरिबसचा पहिला एपिसोड बघितला. सुरुवातीला रेडिओ दुर्बिणीवर सिग्नल येतो तो सीन कितपत खरा? खरंच असं झालं तर शास्त्रज्ञ जगाला सांगतील की दाबून ठेवतील? आणि आपल्या नारायणगावच्या दुर्बिणीला तो सिग्नल ऐकू येईल का?"

ज्यांनी अजून बघितलं नाहीये त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे सगळं फोडणारे. बाकीच्यांसाठी थोडक्यात गोष्ट. व्हिन्स गिलिगनची नवीन सिरीज, ॲपल टीव्हीवर आली, पहिले दोन एपिसोड एकदम टाकले. सुरुवातीलाच ६०० प्रकाशवर्षांवरून एक रेडिओ सिग्नल सापडतो, दर ७८ सेकंदांनी तोच तो रिपीट होतोय आणि त्यात फक्त चार सूर आहेत. कोणाच्यातरी डोक्यात येतं की चार सूर म्हणजे आरएनएची, म्हणजे जनुकीय माहिती वाहणाऱ्या डीएनएसारख्या रेणूची, चार अक्षरं. मग लॅबमध्ये तो आरएनए बनवतात, उंदरांना टोचतात, एक उंदीर चावतो आणि वर्षभराच्या आसपास सगळं जग एका मनाचं होऊन बसतं, मोजकी डोकी सोडून. त्यातली एक कॅरोल, अल्बुकर्कीत राहणारी कादंबरीवाली, ऱ्हिया सीहॉर्नने जबरदस्त केलीय.

मी रेडिओ खगोलशास्त्रातला माणूस, आयुष्यातला बराच काळ नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीच्या, म्हणजे तुम्ही विचारलेल्या त्याच रेडिओ दुर्बिणीच्या, कंट्रोल रूममध्ये आणि त्याच्या डेटाशी मारामारी करण्यात गेलाय, आणि त्यातही माझं मुख्य काम म्हणजे आरएफआय, म्हणजे आकाशातून न येता माणसांच्या यंत्रांमधून येणारा कचरा ओळखणं. त्यामुळे लोक झॉम्बी आणि व्हायरस बघत होते तेव्हा मी त्या पहिल्या काही मिनिटांतच अडकलो. पॉज करून करून बघितलं, घरचे वैतागले.

आधी जे आवडलं ते. सिग्नल रिपीट होतो हे लेखकांनी फार हुशारीने ठरवलंय. आमच्या धंद्यात एकदाच आलेल्या सिग्नलला काडीची किंमत नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे वॉव सिग्नल. १५ ऑगस्ट १९७७, ओहायोतली बिग इअर दुर्बीण, १४२० मेगाहर्ट्झच्या जवळ एक तगडा सिग्नल ७२ सेकंद दिसला, काही दिवसांनी जेरी एमन प्रिंटआउट चाळत होते त्यांनी लाल पेनने गोल करून बाजूला वॉव लिहिलं, आणि मग त्या जागेकडे किती वेळा किती दुर्बिणी वळवल्या तरी पुन्हा काही नाही. ते ७२ सेकंदही सिग्नलचे नव्हतेच बरं का. ती दुर्बीण जमिनीला खिळलेली होती, पृथ्वी फिरते तसं आकाश तिच्यासमोरून सरकायचं आणि कुठलाही तारा तिच्या नजरेच्या पट्ट्यातून जायला बरोबर तेवढाच वेळ घ्यायचा. म्हणजे सिग्नल ७२ सेकंदांचा होता की ७२ वर्षं चालू होता हे कोणालाच माहीत नाही. सिरीजमधले ७८ सेकंद ऐकल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं, लेखकांनाही आठवलं असावं असा माझा संशय, पण इथे ७८ सेकंद हा सिग्नलचा स्वतःचा आवर्तनकाळ आहे आणि हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. दर ७८ सेकंदांनी म्हणजे दिवसाला ११०७ वेळा. इतक्या वेळा एखादी गोष्ट आली की तुम्ही ती एकावर एक रचू शकता, नॉइज आपोआप कमी होत जातो आणि सिग्नल वर येतो. पल्सार, म्हणजे गरागरा फिरत ठरावीक वेळाने रेडिओ झटके देणारे मेलेले तारे, बघणारे रोज हेच करतात.

आता जे त्यांनी पटकन उरकलं ते. सिग्नल दिसला आणि आकडा सांगितला, ६०० प्रकाशवर्षं. अहो, सिग्नलवर अंतर लिहिलेलं नसतं! रेडिओ लहर येते ती दिशा सांगते फक्त. त्या दिशेला अमुक एक तारा आहे, त्याचं अंतर आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून सिग्नलही तिथूनच येत असावा असं आपण धरतो. दिशा किती बारीक कळते यावर ते सगळं अवलंबून. बिग इअरसारखी एकटी दुर्बीण असेल तर आकाशाचा मोठा तुकडा मिळतो, त्यात हजारो तारे. पण मालिका न्यू मेक्सिकोत घडते आणि न्यू मेक्सिकोत रेडिओ दुर्बीण म्हणजे व्हीएलए, २५ मीटरच्या २७ डिश, इंग्रजी वाय आकारात रुळांवर मांडलेल्या. अशा ॲरेला, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिशच्या समूहाला, दिशा फार बारीक कळते, कारण तीच लहर प्रत्येक डिशवर किंचित वेगळ्या वेळी पोचते आणि तो उशीर मोजता येतो. आपल्या जीएमआरटीचंही तत्त्व तेच, ४५ मीटरच्या ३० डिश, १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये गोळा केलेल्या आणि बाकीच्या १६ तीन हातांवर साधारण २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. एका टोकाच्या डिशपासून दुसऱ्या टोकाच्या डिशपर्यंत लहरीला जास्तीत जास्त ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. खूप लांबून आलेली लहर सगळ्या डिशवर अगदी सरळ रांगेत पोचते. शेजारच्या गावातल्या कुठल्यातरी यंत्रातून आली असेल तर उशिरांचं गणित आकाशातल्या कुठल्याच बिंदूशी जुळत नाही, आणि तिथेच ती पकडली जाते. त्यामुळे ॲरेवाल्यांना सिग्नल सापडला हे एपिसोडचं निवडणं मला पटलं, फक्त या सगळ्याला दोन वाक्यं दिली असती तर काही बिघडलं नसतं.

कंट्रोल रूममध्ये नक्की काय दिसतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही हेडफोन लावून बसतो. हेडफोन-बिडफोन काही नसतं. स्क्रीनवर एक चित्र असतं, त्याला वॉटरफॉल म्हणतात, आडवी फ्रिक्वेन्सी, उभा वेळ, एकेक ओळ खाली सरकत जाते आणि जिथे ताकद जास्त तिथे रंग उजळ. रात्री तीन वाजता त्या चित्रात बघत बसलं की खूप काही दिसतं. जाड उजळ पट्टे म्हणजे मोबाईल किंवा उपग्रह. सगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकदम पडणाऱ्या आडव्या बारीक रेघांचा पाऊस म्हणजे विजेच्या तारांवर कुठेतरी स्पार्किंग चालूये, खास करून हवा दमट असली की. आणि मग असतात बारीक, सुईसारख्या उभ्या रेघा, एकाच फ्रिक्वेन्सीवर हटून बसलेल्या. परग्रहवासी शोधणाऱ्यांना नेमक्या अशाच सुया हव्या असतात कारण निसर्ग इतकी अरुंद गोष्ट बनवत नाही. पण ती सुई अगदी सरळ उभी असेल तर समजायचं की ती घरचीच आहे. कारण पृथ्वी फिरतेय, आपली डिश तिच्यासोबत फिरतेय, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या सुराची फ्रिक्वेन्सी सतत सरकत राहायला पाहिजे, १४२० मेगाहर्ट्झला आपल्या अक्षांशावर जास्तीत जास्त सेकंदाला ०.१५ हर्ट्झच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं पण स्क्रीनवर ती रेघ तिरकी दिसते. सरळ रेघ घरची, तिरकी रेघ कदाचित पाहुणी. कदाचित म्हटलं कारण उपग्रहसुद्धा तिरकेच दिसतात, आणि यंत्राची फ्रिक्वेन्सी ठरवणारा, गरम होणारा स्वस्तातला क्रिस्टल ऑसिलेटरही हळूहळू सरकतो, तोही तिरका.

म्हणून पुढची पायरी असते मान वळवण्याची. पाच मिनिटं ताऱ्याकडे बघा, पाच मिनिटं बाजूला बघा, परत ताऱ्याकडे, परत बाजूला. सिग्नल ताऱ्याकडे बघताना येतो आणि मान वळवली की जातो, असं प्रत्येक वेळी झालं तरच पुढे बोलायचं. परग्रहवासीयांचे सिग्नल शोधणाऱ्या ब्रेकथ्रू लिसन प्रकल्पातले लोक हेच करतात. आणि तरीही फसगत होते! बीएलसी१ नावाच्या त्यांच्याच एका संशयित सिग्नलची केस बघा. २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर प्रॉक्सिमा सेंटॉरीकडे, म्हणजे सूर्याला सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडे, बघताना ९८२ मेगाहर्ट्झला एक सुई सापडली, तिरकी होती, मान वळवली की जात होती, सगळ्या चाचण्या पास. शेवटी २०२१ मध्ये पेपर आला की माणसांच्याच इलेक्ट्रॉनिक्सचं मिश्रण होतं, तशाच दिसणाऱ्या रेघा ठरावीक अंतरांवर इतर फ्रिक्वेन्सींवरही सापडल्या, तेव्हा मान वळवलेली असतानासुद्धा. त्याच पार्क्सवर काही वर्षं गूढ झटके दिसायचे, पेरिटॉन म्हणायचे त्यांना, आणि २०१५ मध्ये कळलं की मायक्रोवेव्ह चालू असताना कोणीतरी घाईघाईने दार उघडतं तेव्हा ते येतात. जेवण गरम करणारे आणि विश्वाचं कोडं सोडवणारे एकाच इमारतीत होते.

तर माझी तक्रार एवढीच, की एपिसोडमध्ये हा सगळा संशयाचा काळ गाळलाय. खऱ्या आयुष्यात ती टीम पहिले कित्येक दिवस खुश नसती, घाबरलेलीही नसती, ती चिडलेली असती. कुठला बोर्ड हे करतोय, कोणी नवीन वायफाय लावलं का, त्या गार्डकडे वॉकीटॉकी कुठल्या कंपनीचा, असले प्रश्न. जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये पहिला पल्सार सापडला, दर १.३३७ सेकंदांनी टिक टिक करणारा, तेव्हा त्यांच्या टीमने आधी आपल्याच यंत्रांवर संशय घेतला होता, मग दुसऱ्या दुर्बिणीवर बघितलं, मग त्याला गमतीत एलजीएम म्हणजे छोटी हिरवी माणसं असं नाव दिलं. आकाशात दुसऱ्याच दिशेला तसाच दुसरा सापडला तेव्हा त्यांना हायसं वाटलं, कारण दोन ठिकाणचे हिरवे लोक एकाच वेळी आपल्यालाच हाक मारणार नाहीत.

चंद्रावरून आपटून आलेला सिग्नल असेल का, हा एक प्रश्न लोक नेहमी विचारतात, आणि तो वेडगळ नाहीये. हौशी रेडिओवाले खरंच चंद्रावर सिग्नल आपटवून गप्पा मारतात, जाऊन यायला अडीच सेकंद लागतात. पण चंद्र ताऱ्यांच्या मानाने तासाला साधारण स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, त्यामुळे ॲरेवर एका तासात निकाल लागतो. सिग्नल ताऱ्यांसोबत राहिला तर चंद्र सुटला, उपग्रह सुटले, सूर्यमालेतलं जवळपास सगळंच सुटलं.

आता लपवण्याचा प्रश्न. सरकार दाबून टाकेल हे प्रत्येकाला वाटतं, सिनेमांनी तसं शिकवलंय. प्रत्यक्षात ते जवळपास अशक्य आहे आणि त्याचं कारण कोणी प्रामाणिक आहे हे नसून पृथ्वी गोल आहे हे आहे. तारा मावळतो! न्यू मेक्सिकोतून दिसेनासा झाला की पुढचे तास कोणीतरी दुसऱ्याने बघायला हवं आणि ते कुठे तर बरोबर उलट्या बाजूला. व्हीएलए साधारण १०७.६ अंश पश्चिम रेखांशावर, जीएमआरटी ७४ अंश पूर्व, बेरीज करा, १८१ च्या वर, म्हणजे आपण जवळजवळ तंतोतंत अर्ध्या पृथ्वीवर आहोत. त्यांच्याकडे मावळलं की थोड्याच वेळात आपल्याकडे उगवतं. तेव्हा पहिला फोन ज्या दोन-चार ठिकाणी जाईल त्यात खोडद असेल असं मी मालिकेच्या लेखकांना सांगू इच्छितो, पुढच्या सीझनला विचार करा. आणि एकदा चार देशांतल्या दुर्बिणींना फ्रिक्वेन्सी आणि आकाशातली जागा कळली की प्रत्येक ठिकाणी ऑपरेटर, पीएचडीची पोरं, त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप, काय लपणार? बीएलसी१ तर अजून नीट तपासलाही नव्हता, पेपर लिहिला नव्हता, तरी डिसेंबर २०२० मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली. त्यात कोणाचं कारस्थान नव्हतं, उत्साह होता नुसता.

कागदावर नियमही आहेत. इंटरनॅशनल ॲकॅडमी ऑफ ॲस्ट्रोनॉटिक्सने १९८९ मध्ये एक जाहीरनामा केला, २०१० मध्ये सुधारला. आधी स्वतः खात्री करा, मग इतर निरीक्षकांना कळवा, मग जगाला सांगा, आणि आंतरराष्ट्रीय चर्चेशिवाय उत्तर पाठवू नका. हा कायदा नाही, सज्जनांमधला समझोता आहे. गंमत बघा, त्यात उत्तर पाठवण्याबद्दल लिहिलंय, आलेल्या संदेशात कृती दिली असेल तर ती करून बघू नका असं कोणाला सुचलं नव्हतं. प्लुरिबसने बोट ठेवलंय ते इथे. एपिसोडमधला सगळ्यात विश्वसनीय भाग मला विचाराल तर तो लॅबचा आहे, हो, उंदीर चावतो तोच. कारण कृती हातात आल्यावर माणूस ती करून बघणार. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकच्या संशोधकांनी पोलिओचा विषाणू नुसत्या प्रसिद्ध झालेल्या अक्षरक्रमावरून लॅबमध्ये बनवून दाखवला होता, साडेसात हजारांच्या आसपास अक्षरं. तेव्हा जगभर आरडाओरडा झाला, पण झालं ते झालं.

आता ती चार सुरांची भानगड, कारण हाच प्रश्न सगळ्यांनी विचारलाय की चार सुरांवरून आरएनए कसं काय कळलं. जीवशास्त्र माझं नाही, माझी मेहुणी मायक्रोबायोलॉजी शिकवते तिच्याशी फोनवर भांडून हे काढलंय. चार सूर, चार अक्षरं ए, यू, जी, सी. कुठला सूर कुठलं अक्षर याच्या एकूण २४ जोड्या होतात. डावीकडून वाचायचं की उजवीकडून, दुप्पट, ४८. म्हणजे फक्त ४८ शक्यता, एका दुपारचं काम. बरोबर कुठली हे कसं ओळखायचं तर आरएनए तीन-तीन अक्षरांच्या गटात वाचतात, असे ६४ गट, त्यातले तीन गट म्हणजे थांबा. अक्षरं उगाच कशीही टाकली असतील तर सरासरी वीस-एकवीस गटांमध्ये एक थांबा येणारच. खऱ्या जनुकात मात्र शेकडो गट जातात तरी थांबा येत नाही. ४८ पैकी ४७ मध्ये वाक्य सारखं तुटतंय आणि एकात लांबच लांब सलग चालतंय असं दिसलं की मग अंगावर काटा येईल. एपिसोडमध्ये हे दाखवलं नाही, पण दाखवलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, दोन मिनिटांचा सीन होता हो.

पण याच ठिकाणी कथेतलं सगळ्यात मोठं भोक आहे. तो थांबा आपल्या पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा थांबा आहे. ६०० प्रकाशवर्षांवरच्यांना आपली बाराखडी कशी ठाऊक? सिग्नल निघाला असेल तो १४२५ च्या सुमारास, आपल्याकडे बहमनी सुलतान गुलबर्ग्याहून बिदरला राजधानी हलवत होते त्या काळात. आपल्या सुरुवातीच्या रेडिओ लहरी निघाल्या मार्कोनी आणि जगदीशचंद्र बोस यांच्या वेळी, १८९५ च्या आसपास, त्या आत्ता कुठे १३० प्रकाशवर्षांवर पोचल्यात. त्यामुळे आपलं ऐकून त्यांनी उत्तर दिलं असं होऊच शकत नाही. लांबून पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन आहे हे कोणी बघू शकेल, म्हणजे इथे काहीतरी जिवंत आहे इतपत कळेल, पण जनुकांची भाषा हवेत दिसत नाही. मला वाटतं याचं एकच बरं उत्तर आहे, संदेश आपल्यासाठी नव्हताच. त्यांनी सगळीकडे फेकला, आणि ज्यांची रसायनं जुळतात आणि ज्यांना ते बनवून बघायची खाज आहे तेच सापडणार. मालिका हे उत्तर देईल की नाही माहीत नाही, नाही दिलं तरी चालेल मला, पण दिलं तर मेहुणीला फोन करून ऐकवणारे.

शेवटचा प्रश्न, आपल्या जीएमआरटीला ऐकू येईल का. आधी एक खरी गोष्ट सांगतो म्हणजे अंदाज येईल. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा छोटा यूएचएफ ट्रान्समीटर, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, काही वॅटचा, मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला ऐकू जाईल एवढाच. तो सिग्नल पृथ्वीवरून थेट पकडायचं काम खोडदने केलं, साधारण १७-१८ कोटी किलोमीटरवरून. वॉटरफॉलवर एक अगदी फिकट रेघ, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही अशी, आणि यान वातावरणात शिरलं, वेग कमी झाला तशी ती रेघ वाकली, कारण वेग बदलला की फ्रिक्वेन्सी बदलते. पृथ्वीवर बसून दुसऱ्या ग्रहावर कोणीतरी ब्रेक मारतोय हे दिसत होतं. उतरायच्या थोडं आधी रेघ गेली. यान आपटलं होतं हे नंतर कळलं.

आता ६०० प्रकाशवर्षं. मोजायला पोर्तो रिकोतल्या आरेसिबो या महाकाय दुर्बिणीच्या रडारची ताकद घेऊ, १९७४ मध्ये ज्याने एम१३ तारकागुच्छाकडे १६७९ बिटांचा संदेश पाठवला होता ते. तेवढ्याच ताकदीचं रडार ६०० प्रकाशवर्षांवरून आपल्याकडे रोखलं आणि सगळी ऊर्जा एकाच हर्ट्झभर अरुंद सुरात घातली तर माझ्या ढोबळ हिशेबाने जीएमआरटीच्या सगळ्या डिश एकत्र जोडून पाच मिनिटं ऐकल्यावर तो सूर नॉइजच्या सहा-सात पट दिसेल. म्हणजे हो, दिसेल! पण तो नुसता सूर झाला, नुसतं कोणीतरी आहे एवढं कळेल. संदेश भरायचा म्हटलं की खेळ बदलतो. समजा कोरोना विषाणूएवढा, तीस हजार अक्षरांचा आरएनए ७८ सेकंदांत बसवायचाय, मग सेकंदाला ३८५ अक्षरं आली, प्रत्येक सूर अडीच मिलीसेकंद टिकणार आणि ऊर्जा शेकडो हर्ट्झवर पसरणार. तेवढंच तूप एका पोळीला लावायचं की चारशे पोळ्यांना, असं झालं ते. एकेक अक्षर एका फटक्यात स्वच्छ वाचायचं तर त्यांचा ट्रान्समीटर आरेसिबोच्या हजारो पट तगडा पाहिजे, नाहीतर मग आपण दिवसेंदिवस ती ७८ सेकंदांची आवर्तनं एकावर एक रचत बसायची. म्हणूनच म्हटलं की रिपीट करणं ही लेखकांची हुशारी आहे. पाठवणाऱ्यालाही माहीत होतं की ऐकणाऱ्याचे कान बेताचे असणार.

फ्रिक्वेन्सी कुठली यावरही बरंच आहे. अपग्रेडनंतर जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते, मध्ये काही फटी सोडून. हायड्रोजनच्या १४२० च्या जवळ असेल तर आपल्याकडे आहे. व्हीएलएने वर कुठे पाच-दहा गिगाहर्ट्झला पकडला असेल तर आपण नुसतं बघत बसणार. आणि आरएफआय आहेच. जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूप सरांनी जागा निवडली तेव्हा तो सगळा भाग शांत होता, डोंगरांची आड होती, आज नारायणगावात टोमॅटोच्या मार्केटात उभं राहिलं तर प्रत्येकाच्या हातात दोन सिम. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा वाद आठवत असेल, मार्ग दुर्बिणीच्या जवळून जात होता म्हणून तो बदलायचं ठरलं आणि तालुक्यातली लोकं भडकली. मी दोन्ही बाजू समजू शकतो. रेल्वे कोणाला नकोय? पण विजेच्या गाडीचा पँटोग्राफ तारेवर घासतो तेव्हा ज्या ठिणग्या उडतात त्या आमच्या स्क्रीनवर कशा दिसतात हे ज्याने बघितलंय तो ६०० प्रकाशवर्षांच्या गप्पा त्यासोबत मारू शकत नाही.

दुसऱ्या एपिसोडबद्दल काहींनी विचारलंय, त्यावर माझ्याकडे तज्ज्ञ म्हणून काही नाही, प्रेक्षक म्हणून आवडला. गिलिगनची जुनी सवय आहे, माणूस काम करताना दाखवायचा, न बोलता, शेवटपर्यंत, ते मला फार भावतं. पहिल्या एपिसोडमध्ये टीव्हीवर एकच माणूस उभा राहून कॅरोलशी बोलतो, साधा कृषी खात्याचा अधिकारी, तो सीन मी परत लावून बघितला.

आणि समजा उद्या खरंच न्यू मेक्सिकोतून फोन आला, तर काय होईल ते सांगतो. कोणी सायरन वाजवणार नाही. ड्युटीवरचा ऑपरेटर आधी विचारेल फ्रिक्वेन्सी किती, आकाशातली जागा काय, बँडविड्थ किती, आणि कागदावर लिहून घेईल. मग बघेल आत्ता दुर्बीण कोणाच्या ताब्यात आहे. दुर्बिणीचा वेळ सहा-सहा महिन्यांच्या सायकलने वाटला जातो, प्रपोजल लिहावं लागतं, कमिटीसमोर जातं. अशा तातडीच्या कामासाठी डायरेक्टरच्या अखत्यारीतला थोडा वेळ राखून असतो, तर रात्री त्यांना उठवणार. ते होय म्हणतील. मग डिश वळतील, ४५ मीटरची डिश वळायला वेळ लागतो, वारा जोरात असेल तर वळवताच येत नाही, आणि ज्याचा आठ तासांचा स्लॉट मधूनच कापला गेला तो पीएचडीवाला पोरगा कंट्रोल रूममध्ये येऊन विचारेल की परग्रहवासी ठीके, पण माझे तास पुढच्या आठवड्यात भरून मिळणार की नाही ते आधी लिहून द्या.